स्ट्रिंगचा तुकडा लिहिताना तिसरा आकडा कशाचा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांतील चार पत्रे एकाच विषयाची निघाली: हाताशी असलेल्या स्ट्रिंगचा पूर्ण मजकूर न लिहिता त्यातील नेमका तुकडा फाइलीत किंवा पडद्यावर कसा पाठवावा. म्हणून यावेळचे सदर त्यांनाच दिले आहे. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. प्रोग्राम टंकताना ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टंकावीत.

प्रश्न : मी पदविका अभ्यासक्रमात जावा शिकत आहे. माझ्या फाइलीतील प्रत्येक ओळीत आधी पिनकोड, मग एक मोकळी जागा आणि मग गावाचे नाव आहे, उदाहरणार्थ ‘४१६००१ कोल्हापूर’. फक्त गावाचे नाव दुसऱ्या फाइलीत लिहिण्यासाठी मी फाइलराइटरच्या राइट या मेथडला ओळ, ७ आणि ९ अशी तीन आर्ग्युमेंट्स दिली आणि ‘कोल्हापूर’ व्यवस्थित लिहिले गेले. तेच पडद्यावर दाखवण्यासाठी सिस्टिम डॉट आउट वापरले, तेव्हा कंपायलरने ही ओळ नाकारली. मैत्रिणीने राइटऐवजी अपेंड लिहायला सांगितले. आकडे तेच ठेवून तसे केले, तर प्रोग्राम चालतो, पण पडद्यावर केवळ ‘को’ उमटते. पिनकोड मात्र दोन्हीकडे बरोबर येतो. चूक कोठे आहे? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : चूक तिसऱ्या आकड्यात आहे. राइट या मेथडला आपण स्ट्रिंग, सुरुवातीचे स्थान आणि लांबी देतो. अपेंड या मेथडला स्ट्रिंग, सुरुवातीचे स्थान आणि शेवटचे स्थान द्यावे लागते, आणि त्या शेवटच्या स्थानावरचे अक्षर तुकड्यात धरले जात नाही. आपल्या ओळीत पिनकोडचे सहा अंक ० ते ५ या स्थानांवर आहेत, सहाव्या स्थानावर मोकळी जागा आहे आणि गावाचे नाव सातव्यापासून पंधराव्या स्थानापर्यंत पसरले आहे, म्हणजे त्याची लांबी ९ भरते. त्यामुळे राइटला ७ आणि ९ दिले की तो सातव्या स्थानापासून नऊ अक्षरे मोजून लिहितो. अपेंड त्याच आकड्यांचा अर्थ ‘सातव्यापासून नवव्याच्या अलीकडेपर्यंत’ असा घेतो, म्हणून त्याला सातव्या स्थानावरचा ‘क’ आणि आठव्या स्थानावरचा ओकार एवढेच मिळते. अपेंडसाठी योग्य जोडी ७ आणि १६ ही आहे. हीच जोडी राइटला दिली असती, तर सोळा अक्षरांच्या ओळीत सातपासून पुढे आणखी सोळा अक्षरे नसल्यामुळे प्रोग्राम इंडेक्स मर्यादेबाहेर गेल्याचे एक्सेप्शन देऊन थांबला असता.

पिनकोड दोन्हीकडे बरोबर का येतो, हा आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. तुकडा शून्यापासून सुरू होत असेल, तर लांबी आणि शेवटचे स्थान हे दोन्ही आकडे एकच असतात. ० आणि ६ ही जोडी राइटलाही चालते आणि अपेंडलाही. म्हणूनच ही गफलत पुष्कळदा चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीसाठी माणूस सहज हाताला येतो तो ओळीच्या आरंभाचा तुकडा घेतो. या दोन मेथडची चाचणी घेताना सुरुवातीचे स्थान शून्य कधीही ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय अपेंडची चूक बहुतेक वेळा गुपचूप घडते: तुकडा आखूड होतो, पण एक्सेप्शन येत नाही. सुरुवातीचे स्थान शेवटच्या स्थानाहून मोठे झाले किंवा एखादे स्थान स्ट्रिंगच्या बाहेर गेले, तरच तो तक्रार करतो.

एकाच भाषेत अशी दोन मापे का, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे कारण या मेथड वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या घराण्यांतून आल्या हे आहे. जावाच्या पहिल्या आवृत्तीतील प्रवाह बाइट वाहून नेणारे होते आणि सिस्टिम डॉट आउट हा त्याच घराण्यातील प्रिंटस्ट्रीमचा ऑब्जेक्ट आहे. त्याची तीन आर्ग्युमेंट्सची राइट मेथड स्ट्रिंग घेत नाही, बाइटची अ‍ॅरे घेते, म्हणून कंपायलरने आपली ओळ नाकारली. अक्षरे लिहिणारा राइटर हा क्लास १९९७ मध्ये जेडीके १.१ या जावाच्या आवृत्तीसोबत आला आणि त्याने ‘स्थान व लांबी’ ही बाइट-प्रवाहांची जुनी पद्धत तशीच चालू ठेवली. अपेंड २००४ मध्ये जावा ५ सोबत आला. त्याने स्ट्रिंगचा तुकडा काढून देणाऱ्या सबस्ट्रिंग आणि सबसीक्वेन्स या मेथडची ‘आरंभ व अंत’ ही पद्धत उचलली. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत; त्या एकाच क्लासमध्ये शेजारी शेजारी नांदवल्या, ही रचनाकारांची निवड मला पटत नाही, पण ती आता बदलणार नाही. निदान आपल्या प्रोग्राममध्ये उघडे आकडे न लिहिता ‘लांबी’ आणि ‘अंत’ अशा अर्थाच्या नावांचे व्हेरिएबल वापरावेत, म्हणजे राइटच्या कंसात ‘अंत’ दिसला की डोळा तेथे अडखळतो.

आणखी एक गोष्ट आपण विचारली नसली तरी सांगतो. नऊ हा आकडा फक्त कोल्हापूरसाठी खरा आहे. ‘४१३००१ सोलापूर’ ही ओळ चौदा अक्षरांचीच असल्यामुळे राइट तेथे एक्सेप्शन देईल आणि नाव नऊ अक्षरांहून लांब असेल तेथे ते कापले जाईल. लांबी म्हणून ओळीच्या एकूण लांबीतून सात वजा करून येणारी संख्या द्यावी.

प्रश्न : स्ट्रिंगचा तुकडा लिहायचा असेल, तर आधी सबस्ट्रिंगने तो वेगळा काढून मग प्रिंट करणे मला सोपे वाटते. आमच्या कार्यालयातील वरिष्ठ म्हणतात की यात विनाकारण नवा ऑब्जेक्ट तयार होतो. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे? आणि मला स्वतःचा राइटर क्लास लिहायचा झाला, तर तुकडा लिहिण्याची मेथड मलाच लिहावी लागेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या वरिष्ठांचे म्हणणे आज खरे आहे, जुन्या काळी ते अर्धेच खरे होते. जावा ७ च्या सहाव्या अद्ययावत आवृत्तीपर्यंत सबस्ट्रिंग नवा स्ट्रिंग ऑब्जेक्ट देत असे, पण त्यातील अक्षरे मूळ स्ट्रिंगच्या अ‍ॅरेतच राहत आणि नवा ऑब्जेक्ट केवळ आरंभ व लांबी यांची नोंद ठेवी. हे काम झटपट होत असे. त्याची दुसरी बाजू अशी की, प्रचंड मोठ्या मजकुरातून काढलेला दहा अक्षरांचा तुकडा जपून ठेवला, तर तो सबंध मजकूर मेमरीत अडकून पडे. २०१२ मध्ये ही पद्धत बदलली आणि तेव्हापासून सबस्ट्रिंग अक्षरांची खरी प्रत काढतो.

परंतु या बचतीसाठी अपेंडकडे वळू नये. राइटर क्लासमधील अपेंडची मूळ व्याख्या पाहिली, तर ती आतल्या आत सबसीक्वेन्स मागवून आलेला तुकडा पुढे लिहायला देते, म्हणजे नवा ऑब्जेक्ट टळत नाहीच. खरी बचत राइटच्या ‘स्थान व लांबी’ या रूपात आहे. राइटरमध्ये ही मेथड १०२४ अक्षरांचा एक अंतर्गत बफर एकदाच तयार करते आणि तुकडा त्याहून लहान असेल तर प्रत्येक वेळी तोच वापरते. मोठ्या तुकड्यासाठी तेवढ्या आकाराची तात्पुरती अ‍ॅरे बनते. अर्थात चार-दोन ओळी छापणाऱ्या प्रोग्राममध्ये हा फरक मोजूनही सापडणार नाही, आणि तेथे सबस्ट्रिंग वाचायला सोपा असेल तर खुशाल वापरावा. लाखो ओळी हाताळणाऱ्या लूपमध्ये निर्णय वेगळा होऊ शकतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुखद आहे. राइटर हा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास आहे आणि तो आपल्या वारसाकडून फक्त तीन मेथडची अपेक्षा करतो: अक्षरांच्या अ‍ॅरेचा भाग लिहिणारी राइट, फ्लश आणि क्लोज. स्ट्रिंगचा तुकडा लिहिणारी मेथड वरच्या क्लासमध्ये लिहिलेलीच असते. ती तुकड्यातील अक्षरे अ‍ॅरेत उतरवून आपल्या मेथडकडे सोपवते. म्हणजे आपण एक मूलभूत काम शिकवले की बाकीची रूपे वारशाने मिळतात. याच कारणाने, तुकडा लिहिणाऱ्या आपल्या फंक्शनने फाइलराइटर न मागता केवळ राइटर मागावा. चाचणीच्या वेळी त्याला मजकूर मेमरीतच साठवणारा स्ट्रिंगराइटर देता येतो आणि काय लिहिले गेले ते फाइल न उघडता तपासता येते.

दोन अपवाद मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. राइटरच्या नियमानुसार ऋण लांबी दिली की एक्सेप्शन यायला हवे, परंतु बफर्डराइटर ऋण लांबी मिळाली तर काहीही न लिहिता मुकाट्याने परततो, आणि ही विसंगती त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद केलेली आहे. वजाबाकी करून लांबी काढताना चूक झाली, तर एका राइटरवर प्रोग्राम थांबेल आणि दुसऱ्यावर ओळच गायब होईल. दुसरा अपवाद नल मूल्याचा, म्हणजे स्ट्रिंगच्या जागी काहीच नसण्याचा. राइटला स्ट्रिंगऐवजी नल दिले तर एक्सेप्शन येते. अपेंड त्याऐवजी ‘नल’ हा चार रोमन अक्षरांचा शब्दच मजकूर म्हणून धरतो आणि त्याचा तुकडा पाडतो. ० आणि २ दिले, तर त्या शब्दाची पहिली दोन अक्षरे, एन आणि यू, आपल्या अहवालात जाऊन बसतात, आणि ती कोठून आली हे शोधताना माणूस हैराण होतो.

प्रश्न : आम्ही मराठी नावांच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम जावात लिहिला आहे. नाव ठरावीक मर्यादेत बसावे म्हणून पहिली काही अक्षरे राइटने लिहितो. काही नावांच्या शेवटी लोंबता हलन्त येतो, तर काही नावे चुकीचीच छापली जातात. इंग्रजी नावांना हा त्रास होत नाही. (एक संगणक व्यावसायिक, रत्नागिरी)

उत्तर : आपण ज्याला अक्षर म्हणतो आणि जावा ज्याला कॅरेक्टर म्हणते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिकोड या लिपिचिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे, आणि राइट हे सुटे घटक मोजतो. ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा आहे, पण स्ट्रिंगची लांबी दहा भरते: स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त, ग. लांबी ९ दिली तर ‘सिंधुदुर्’ असे पाय मोडलेला र घेऊन नाव छापले जाते, कारण ज्या ‘ग’च्या डोक्यावर रफार चढायचा तो ‘ग’च उरलेला नसतो. लांबी ८ दिली तर ‘सिंधुदुर’ येते. माझ्या मते हा प्रकार अधिक घातक आहे. लोंबता हलन्त तपासणाऱ्याला लगेच दिसतो, पण ‘सिंधुदुर’ हे सहज खपून जाते. आणि मधूनच सुरू होणारा तुकडा वेलांटीपासून सुरू झाला, तर पडद्यावर ती वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली दिसते.

उपाय असा की, लांबी राइटला देण्यापूर्वी तोडण्याची जागा मागे सरकवावी. तोडीनंतरचा पहिला घटक काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा हलन्त यांपैकी असेल, अथवा तोडीपूर्वीचा शेवटचा घटक हलन्त असेल, तर एक स्थान मागे यावे आणि दोन्ही अटी पुन्हा तपासाव्यात. दोन्ही खोट्या ठरल्या की थांबावे. ‘कोल्हापूर’ चार घटकांवर तोडायला गेलो, तर शेवटी हलन्त आहे म्हणून तीनवर यावे लागते. तीनवर पुढचा घटक हलन्त आहे, म्हणून दोनवर यावे लागते. तेथे ‘को’ हे पूर्ण अक्षर मिळते. घटक कोणत्या प्रकारचा आहे हे कॅरेक्टर क्लासच्या गेटटाइप या मेथडने कळते, फक्त दोन्ही वर्ग तपासायला विसरू नये: काना, वेलांटी आणि ओकार हे जागा घेणाऱ्या चिन्हांच्या वर्गात मोडतात, तर उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त हे जागा न घेणाऱ्या चिन्हांच्या.

मराठीची स्वतःची एक गुंतागुंत येथे आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र टंकण्याच्या एकाहून अधिक पद्धती रूढ आहेत. ऱ हा स्वतंत्र क्रमांकाचा घटक घेतला, तर ‘दुसऱ्या’ची लांबी सात भरते, र आणि त्याखालचा नुक्ता असे दोन घटक घेतले, तर तोच शब्द आठ घटकांचा होतो. हे दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसले तरी तुलनेत वेगळे ठरतात, म्हणून मजकूर हाती येताच नॉर्मलायझर क्लासच्या एनएफसी या, सुटे घटक जोडून घेणाऱ्या, रूपात आणून घ्यावा, म्हणजे तो नुक्ता ऱ मध्ये विलीन होतो. तिसऱ्या पद्धतीत र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह येते. हे जोडचिन्ह वरील दोन्ही वर्गांत बसत नाही, त्यामुळे तोडीच्या अलीकडे किंवा पलीकडे ते आढळल्यास मागे सरकण्याची अट वेगळी लिहावी लागते.

जावातील ब्रेकइटरेटर हा क्लास हेच काम तयार स्वरूपात करतो आणि बहुतेक लेखांत तोच सुचवला जातो. त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नये असे मी म्हणेन. जोडाक्षर हलन्तानंतर तोडू नये हा देवनागरीला लागू पडणारा नियम युनिकोडच्या अक्षरसीमांविषयीच्या मूळ नियमांत २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. ज्या जावात त्याआधीचे युनिकोड आहे, तिच्यावर ‘कोल्हापूर’मधील ‘ल्’ आणि ‘हा’ यांच्यामध्ये तोड मान्य होते का, हे आपल्या यंत्रावर चालवून पाहावे आणि मगच ठरवावे. शिवाय छापील चिठ्ठीत खरी मर्यादा घटकांच्या संख्येची नसून कागदावरील रुंदीची असते. ‘म’ आणि ‘र’ सारखी जागा घेत नाहीत. फॉन्टमेट्रिक्सने रुंदी मोजून, ती बसेपर्यंत एकेक पूर्ण अक्षर मागे येणे हाच तेथील नेटका मार्ग आहे.

प्रश्न : पिनकोड आणि गावाच्या ओळीचाच सराव मी विद्यार्थ्यांकडून तीन भाषांत करून घेतला. सी शार्पमध्ये कन्सोल डॉट राइटला ओळ, ७ आणि ९ दिले तर संपूर्ण ओळ छापली जाते आणि चूकही दाखवली जात नाही. सी प्लस प्लसमध्ये सीआउटच्या राइटला सातव्या स्थानाचा पत्ता आणि ९ दिले, तर दोन शून्ये आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना निरर्थक चिन्हे येतात. (एक प्राध्यापक, नाशिक)

उत्तर : सी शार्पच्या राइटला ‘स्ट्रिंग, स्थान, लांबी’ असे रूपच नाही. त्याच्याकडे ‘आराखडा आणि त्यात भरायची मूल्ये’ असे रूप आहे, आणि कंपायलरने आपली आज्ञा त्या रूपाशी जुळवली. आपली ओळ आराखडा मानली गेली, ७ आणि ९ ही भरायची मूल्ये; ओळीत महिरपी कंसातील जागाच नसल्यामुळे दोन्ही मूल्ये बाजूला पडली आणि ओळ जशीच्या तशी उमटली. उद्या एखाद्या ओळीत खरोखर महिरपी कंस आला, तर हाच प्रोग्राम आराखडा चुकल्याचे एक्सेप्शन देईल. येथे सबस्ट्रिंगला ७ आणि ९ देऊन आलेला तुकडा छापावा. सी शार्पच्या सबस्ट्रिंगमधील दुसरा आकडा लांबी असतो, जावासारखा अंत नव्हे. जावाहून सी शार्पकडे येणारे विद्यार्थी नेमके येथे ७ आणि १६ लिहितात.

सी प्लस प्लसची स्ट्रिंग बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, अंकसुद्धा. त्यामुळे सातवा बाइट हा तिसऱ्या अंकाच्या, म्हणजे ‘६’च्या पोटातला आहे. तेथून नऊ बाइट घेतले, की ‘६’चे उरलेले दोन बाइट, मग पूर्ण दोन शून्ये आणि शेवटी ‘१’चा पहिला बाइट हाती येतो, आपल्या विद्यार्थ्यांना पडद्यावर दिसले ते हेच. गावाचे नाव खरे तर एकोणिसाव्या बाइटवर सुरू होऊन सत्तावीस बाइट व्यापते. हे आकडे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेण्यापेक्षा त्यांना मोकळी जागा शोधायला सांगावी. यूटीएफ-८ मध्ये मोकळ्या जागेचा बाइट दुसऱ्या कोणत्याही घटकाच्या पोटात येत नाही, म्हणून फाइंडने तिचे स्थान अचूक मिळते: सी प्लस प्लसमध्ये १८, जावा आणि सी शार्पमध्ये ६. त्यात एक मिळवला की आरंभ मिळतो, आणि एकूण लांबीतून आरंभ वजा केला की लांबी. हीच दोन गणिते तिन्ही भाषांत चालतात आणि पिनकोड रोमन अंकांत लिहिला असला तरी बिघडत नाहीत.